वापराच्या खुणा

ज्या गदेनं फुंकऱ्याचं डोकं फुटलं, तिच्या नोंदकार्डावर लिहिलं होतं: ‘समारंभी शस्त्र. पोलाद, सहा पाती. वापराच्या खुणा नाहीत.’ साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी टाइप केलेलं कार्ड. त्यानं गदा उलटसुलट करून पाहिली असेल. पात्याला खाच नाही, मुठीवर घासल्याचा डाग नाही, म्हणजे नुसती मिरवायची वस्तू, असं ठरवून तो जेवायला गेला असेल. मलाही ते पटलेलं होतं. काचेमागे ठेवलेली वस्तू कुणाला मारत नाही असं आपण सगळेच धरून चालतो.

मी संग्रहालयाच्या तळघरात वस्तू स्कॅन करते. वस्तू फिरत्या चबुतऱ्यावर उभी करायची, चहूबाजूंनी शेकडो फोटो काढायचे, प्रकाशाच्या पट्ट्या टाकून तिचा उंचसखलपणा मोजायचा आणि कॉम्प्युटरमध्ये तिची हुबेहूब त्रिमितीय प्रत उभी करायची. उद्या इमारत जळली, बुडाली, कुणी फोडली, तरी वस्तू टिकेल, असं बाहेरच्या पाटीवर लिहिलंय. माणसं टिकतील असं कुठंच लिहिलेलं नाही.

या कामाची पदवी माझ्याकडे नाही. मी इथं लादी पुसायला लागले होते. मशीन आलं तेव्हा ते चालवायला एक पदवीवाला आला, तीन महिन्यांत कंटाळून गेला. तो काय करतो ते मी ओलं फडकं हातात धरून रोज पाहत होते. तो गेल्यावर मशीन चालवून दाखवलं. संचालकबाईंनी तोंड वाकडं केलं, पण ठेवून घेतलं.

लादी पुसायची नोकरीसुद्धा दादानं लावलेली. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, इथल्या पहारेकऱ्यांचा मुकादम. वीस वर्षं झाली त्याला. रुंद खांदे, जाड मान, आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं, अंगठी घालायचं बोट अर्धंच. ते बोट मधल्या पेरापासून नाही. ते का नाही, ते पुढं सांगते.

फुंकऱ्या माझा जोडीदार. कपाटातून वस्तू काढणं, तळघरात आणणं, धूळ उडवणं, मशीनसाठी तयार करणं हे त्याचं काम. हातात कायम रबरी फुगा, फुस् फुस् करत असायचा, म्हणून फुंकऱ्या. त्याची बायको धोबीखान्यात इस्त्री करायची. लग्नात तिच्याही डोळ्यांवर फुगा मारून म्हणाला होता, “धूळ बसलीय, नीट बघ कुणाला करतेयस ते!” हे तो आम्हाला महिन्यातून एकदा तरी सांगायचा, आणि दर वेळी आपणच आधी हसायचा.

आता हे सगळं ज्या तक्रारीवरून झालं, तिचं.

काही महिन्यांपूर्वी एक बहिरा म्हातारा संग्रहालयात आला आणि त्यानं एका जुन्या ढोलावर तळहात ठेवला. बहिऱ्याला ढोल हातानंच ऐकू येणार, एवढी साधी गोष्ट. दादानं त्याला कॉलर धरून सामानघरात नेलं आणि पट्ट्याच्या लोखंडी बक्कलनं झोडपलं. म्हातारा काय ओरडतोय ते त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो फार भयंकर ओरडला. मी आणि फुंकऱ्या दारातून पाहत होतो. मी मागे फिरले. फुंकऱ्या आत गेला आणि त्यानं म्हाताऱ्याला उचलून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद माझ्यासमोर ठेवला. तक्रार. खाली दोन सह्यांच्या जागा.

“सही कर.”

“माझा भाऊ आहे तो.”

“म्हणूनच तर. बहिणीनं सही केली तर बाईंना कागद दाबता येणार नाही.”

“बघते.”

“काय बघतेस? पाहिलंयस की!”

मी कागद खणात ठेवला. चार दिवस तो तिथंच पडून होता. पाचव्या दिवशी सकाळी दादाबरोबर कामाला चालत येताना मी त्याला सांगून टाकलं. म्हटलं, फुंकऱ्यानं तुझ्यावर तक्रार लिहिलीय, जरा सांभाळून राहा. मला वाटलं, दादा घाबरेल, म्हाताऱ्याचा पत्ता काढून माफी मागेल, फुंकऱ्या कागद फाडेल आणि मी दोघांच्या मधून सुटेन. इतकी मूर्ख मी.

त्याच दिवशी मशीनवर ती गदा होती.

काळं चकचकीत पोलाद स्कॅनरला दिसत नाही. प्रकाश त्यावरून घसरतो. म्हणून आधी त्यावर एक पांढरा फवारा मारतात. पिठासारखा बारीक थर बसतो, वस्तू खडूची केल्यासारखी दिसते आणि मशीनला सगळं कळतं. हा थर काही तासांत आपोआप हवेत उडून जातो, पुसावाही लागत नाही. फुंकऱ्यानं सकाळी गदेला थर दिला, दांड्याच्या टोकावर ती बैठकीत उभी केली, बैठकीवरची लाल रेघ आणि गदेखालची खूण जुळवली. मी कॅमेरा खाली ठेवून पहिली फेरी घेतली. दोनशे चाळीस फोटो. मग कॅमेरा वर चढवला. दुसरी फेरी जेवणानंतर.

मी वर डबा खायला गेले. फुंकऱ्या म्हणाला, “तू हो पुढं. मी हा दिवा जरा वळवून येतो.”

मी परत आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. आल्याआल्या मी बटण दाबलं, कारण फेरीला अकरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मी हात धुते. हात पुसत आले आणि पडद्यावर पाहिलं तर गदेच्या डोक्यावरचा थर गायब. सहाही पाती काळीशार, कुणीतरी फडक्यानं पुसल्यासारखी. दांड्यावरचा थरही विस्कटलेला. फेरी मधेच थांबवली तर मशीन पुन्हा मोजमापाला लावावं लागतं, त्यात तासभर जातो, म्हणून फेरी पूर्ण होऊ दिली आणि तोंड सोडलं.

“फुंकऱ्या! ए फुंकऱ्या! हे काय करून ठेवलंस रे? अर्धी वस्तू नागडी! डोळे घरी विसरलास का? ये वर, नाहीतर तुझा तो फुगा तुझ्याच नाकात घालते बघ!”

आमच्या खोलीच्या दाराशेजारूनच लोखंडी जिना खालच्या गोदामात उतरतो. बारा पायऱ्या. फुंकऱ्या बाराव्या पायरीखाली पालथा पडला होता आणि अजून जिवंत होता. मी वरून त्याला शिव्या घालत होते आणि तो खाली श्वास मोजत होता. ऐकू आलं का त्याला? डॉक्टर म्हणाले, शक्यता कमी. मी ते धरून बसलेय.

तो येईना म्हणून मी स्वतः कामाला लागले. अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस घेतला आणि गदा दांड्यापासून टोकापर्यंत स्वच्छ पुसली. पात्यांच्या बुंध्याशी काहीतरी तपकिरी चिकटलं होतं. मी म्हटलं गंज. कापूस तपकिरी झाला, टोपलीत टाकला, नवा घेतला. मग नवा फवारा मारला आणि दोन्ही फेऱ्या नव्यानं घेतल्या. खुनाचा सगळा पुरावा मी माझ्या हातानं पुसला. अगदी पद्धतशीर, नियमाप्रमाणे हातमोजे घालून.

चार वाजता गोदामातून पहिली किंकाळी आली. झाडूवाली खाली उतरली होती.

इस्पितळात नेईपर्यंत फुंकऱ्या गेला. फौजदार आला. पोट सुटलेला, दोन जिने उतरून दमलेला माणूस. त्यानं जिना पाहिला, पायऱ्यांचं गुळगुळीत लोखंड बुटानं घासून पाहिलं आणि वहीत लिहिलं: पाय घसरून पडला. तळघरात पाळतीचा कॅमेरा नव्हता. मंजूर होऊन चार वर्षं झाली होती.

दादा शेजारीच उभा होता. गणवेश नीट, टोपी काखेत. म्हणाला, “साहेब, मी कितीदा सांगितलं या जिन्याला रबर बसवा म्हणून. ऐकतंय कोण?”

हे खरं होतं. रबराबद्दल तो खरंच सांगत असे.

तिसऱ्या दिवशी फुंकऱ्याची बायको त्याच्या वस्तू न्यायला आली. बुटकी, काळीसावळी, हातांवर इस्त्रीचे जुने चटके. मी तिला डबा दिला, चष्मा दिला. डबा उघडलेला नव्हता. तिनं तो कानाशी नेऊन हलवून पाहिला, का ते देवाला ठाऊक.

“तो जिन्यावरून पडला म्हणतात,” ती म्हणाली.

“हो वहिनी.”

“तो घरच्या जिन्यावरूनसुद्धा कसा उतरायचा, माहितीये? दोन्ही हात पुढं धरून. हातात काही नसलं तरी. प्रत्येक पायरीवर दोन पाय टेकून, म्हाताऱ्यासारखा. शेजारची पोरं हसायची त्याला. मी म्हणायचे, अरे, हातात काही नाहीये तुझ्या! तर म्हणायचा, सवय लागलीय गं.”

वस्तू वाहणारे सगळे असेच उतरतात. मीसुद्धा.

“मी त्याला आंघोळ घातली,” ती म्हणाली. “डोक्याला दोन ठिकाणी फुटलं होतं. एक इथं, मागं. एक इथं, कानाच्या वर. मधे चांगली वीतभर जागा धड होती. जिन्यावरून माणूस दोनदा पडतो का हो?”

तिनं हे रागानं विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं खरंच माहिती नसल्यासारखं विचारलं, मशीनची बाई सांगेल म्हणून.

ती गेल्यावर मी गदेच्या फाइली उघडल्या. त्या दिवशीच्या चार फेऱ्या होत्या: सकाळची एक, जेवणानंतरची ती बिघडलेली एक, आणि नव्या थरावरच्या दोन. बिघडलेली फेरी मी सवयीनं टाकून दिली असती. पण कच्चे फोटो कधीच पुसायचे नाहीत, आणि तीन ठिकाणी ठेवायचे, हा या खात्यातला एकमेव शहाणा नियम आहे. मी सकाळची फेरी आणि बिघडलेली फेरी एकमेकींवर ठेवल्या. प्रोग्राम दोन्ही आकारांतला फरक रंगांत दाखवतो. जिथं जुळतं तिथं हिरवं, जिथं थर कमी तिथं निळं, जिथं जास्त तिथं लाल.

गदेचं डोकं सगळं निळं आलं. पुसलेलं. दांडा हिरवा, आणि त्याच्या मधोमध चार निळे पट्टे, एकाखाली एक, तिरके. पट्ट्यांच्या पलीकडच्या बाजूला एक आडवा, अंगठ्याचा. कुणीतरी दांडा मुठीत आवळला होता आणि त्याच्या बोटांना थर चिकटून गेला होता.

चार पट्ट्यांतले तीन पूर्ण होते. वरून तिसरा अर्ध्यातच संपला होता.

प्रोग्रामनं खाली नेहमीची चौकट दाखवली: पृष्ठभाग असमान आहे, गुळगुळीत करायचा का? मी ते बटण दिवसातून पन्नासदा दाबते. बोट तिथपर्यंत गेलंही.

आता त्या बोटाचं सांगते.

मी पाच वर्षांची होते, दादा बारा. आमचा बाप दारू न पिताही मारायचा, त्याला निमित्त लागत नसे. एकदा मी त्याच्या मार्गात आले. त्यानं मला मानेला धरून दारात आडवं केलं आणि दार लोटलं. लोखंडी पत्र्याचं दार. माझं डोकं चौकटीत होतं. दादानं धावत येऊन मधे हात घातला. दार त्याच्या हातावर बंद झालं आणि चौकटीशी फटीएवढी जागा राहिली, त्यातून माझं डोकं निघालं. बोटाचा तुकडा दाराच्या त्या बाजूला पडला होता. आईनं तो सांडशीनं उचलला. दादा रडला नाही. बापाला म्हणाला, “अजून नऊ आहेत.”

तो हात धरून मी शाळेत गेले. त्या हातानं मला नोकरी लावली. तोच हात पडद्यावर निळा दिसत होता.

आणि मला पुढचं सगळं लख्ख दिसलं. कुणी चोर असता तर गदा गोदामात कुठंतरी फेकून पळाला असता. पण वीस वर्षं दादा नव्या पहारेकऱ्यांना शिकवत आला की हललेली वस्तू जागच्या जागी गेली पाहिजे. त्यानं गदेचं डोकं रुमालानं पुसलं, ती बैठकीत उभी केली आणि लाल रेघेशी खूण जुळवली. केसभरसुद्धा चुकला नाही. म्हणूनच दोन्ही फेऱ्या इतक्या सुरेख जुळल्या.

संचालकबाई दुसऱ्या दिवशी खाली आल्या. “गदेचं काय झालं? संकेतस्थळावर चढवायची होती ना?”

मी म्हटलं, “बाई, दांड्यावर खुणा आल्यात. हाताच्या.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “धूळ असेल. गुळगुळीत करून टाका. आणि जिन्याला रबर येतंय पुढच्या आठवड्यात, सगळ्यांना सांगा.”

त्यांना कळलं होतं. माझी खात्री आहे. रबराचं नाव कुणी उगाच काढत नाही.

आमच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. आंधळ्या पाहुण्यांना हात लावता यावा म्हणून आम्ही वस्तूंच्या प्रती छापतो. मी गदेचा दांडा निवडला, तेवढाच. खुणा कागदाहून बारीक होत्या, नुसत्या हाताला कळल्या नसत्या, म्हणून त्यांची खोली साठपट वाढवली. मग छापायला सोडलं. प्रत हातात आली तेव्हा राखाडी, जड, आणि मधोमध बोटांचे खड्डे. मी त्यात माझी बोटं घालून पाहिली. माझा हात त्यात बुडून गेला.

मग खणातला कागद काढला. तक्रारीखाली सही केली. नऊ दिवस उशीर.

फौजदाराला फोन केला तर तो बाहेर होता. पुन्हा केला. खुणांचं सांगितलं असतं तर तो पुढच्या महिन्यातही आला नसता. म्हटलं, तुमच्या वहीत एक सही राहिलीय, ती नसेल तर प्रकरण बंद होणार नाही. “अकराला येतो,” म्हणाला. फुंकऱ्याच्या बायकोलाही अकरालाच बोलावलं.

दादा साडेदहाला आला.

पहारेकऱ्यांच्या मुकादमाला इमारतीत काय चाललंय ते समजतंच. त्यानं दार लोटलं, कडी लावली नाही, स्टुलावर बसला. टोपी मांडीवर.

“फौजदाराला कशाला बोलावलंस?”

“तुला माहितीये.”

“दाखव.”

मी दाखवलं. हिरवा दांडा, निळे पट्टे. त्यानं आपला हात उचलून पडद्याजवळ नेला, जुळवल्यासारखा, आणि झटकन मागे घेतला.

“पूस ते.”

“नाही.”

“पूस म्हणतो ना!”

“त्यानं काय केलं होतं तुझं? एका म्हाताऱ्याला मारलंस म्हणून कागद लिहिला. एवढंच ना?”

“मी बोलायला आलो होतो त्याच्याशी.” दादाचा आवाज खाली गेला, समजावतो तसा. “बोलायलाच आलो होतो गं. म्हटलं, मागं घे कागद. माझी वीस वर्षं आहेत. तो फुस् फुस् करत दिवा पुसतोय. मी बोलतोय आणि हा दिवा पुसतोय! मग म्हणाला, तुझ्या बहिणीची सही मिळाली की देतो. मला पाठ दाखवली आणि चालायला लागला. पाठ दाखवली त्यानं मला!”

“एकदाच मारलंस?”

“एकदाच.”

“त्याच्या बायकोनं दोन मोजल्यात.”

त्यानं मांडीवरची टोपी उलटी केली. मग म्हणाला, “खाली गेलो तर हलत होता.”

हे तो ज्या साधेपणानं बोलला, तसं माणूस कुत्र्याबद्दलही बोलत नाही.

“मी सांगितलं तुला कागदाचं,” मी म्हटलं. “अर्धा खून माझाय. तो मी सांगणारच आहे. तुझा अर्धा तू सांग. अजून अकरा वाजायचेत. तू स्वतः सांगितलंस तर...”

“मी?” तो उठला. स्टूल पडलं. “तुझं डोकं दारात होतं तेव्हा कुणी हात घातला? हां? कुणी घातला? बोल ना आता!”

“तू.”

“मग?”

“मग काही नाही. ते बोट फुंकऱ्यानं नव्हतं तोडलं, दादा. त्या म्हाताऱ्यानंही नाही. ज्यानं तोडलं त्याच्यावर तू कधी हात उचलला नाहीस. तो खाटेवर झोपून मेला, आणि तू त्याचे पाय चेपत होतास.”

त्यानं पहिली थोबाडीत मारली ती उघड्या हाताची. माझा ओठ दातांवर फाटला. दुसरी बुक्की होती, छातीत, मी टेबलावर जाऊन पडले. तो पडद्याकडे वळला, दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीवर आपटला, मग जमिनीवर, मग बुटाखाली. काचेचा चुरा झाला. वीस वर्षं पहारा दिलेल्या माणसाला वाटलं, पडदा फुटला की चित्र मेलं. फोटो मशीनमध्ये होते, वरच्या मजल्यावरच्या कपाटात होते आणि माझ्या पिशवीत होते. मी रक्त थुंकत हसले. नको होतं हसायला.

त्यानं माझे केस धरले. बापासारखे, मानेजवळून. मला फरफटत दाराकडे नेलं आणि मी समजले तो कुठं नेतोय. दाराबाहेर जिना होता. मी चौकटीला धरलं. त्यानं माझ्या बोटांवर बूट मारला. मी सुटले नाही. मग त्यानं मारायला हाताशी काहीतरी शोधलं, टेबलावर चाचपलं, आणि मिळालं ते उचललं.

छापलेला दांडा.

त्यानं तो मुठीत धरून वर नेला आणि त्याची बोटं आपापल्या खड्ड्यांत बसली. पहिलं, दुसरं, करंगळी. आणि अर्धं बोट अर्ध्या खड्ड्यात. मी खालून पाहत होते. त्याला कळलं ते मला दिसलं. त्यानं मान वळवून स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, अनोळखी माणूस खांद्यावर हात ठेवतो तेव्हा बघतात तसं.

आपल्याला वाटतं, माणूस इथं थांबतो. दादा थांबला नाही. त्यानं तो दांडा माझ्या खांद्यावर घातला. हाडाचा आवाज आला, सुक्या फांदीचा नव्हे, ओल्या फांदीचा. दांड्याचे दोन तुकडे झाले. त्यानं उरलेला तुकडा पुन्हा वर उचलला.

“आणखी एक ना?” कुणीतरी म्हणालं. “तिलाही दोन?”

फुंकऱ्याची बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिच्या मागे फौजदार, धापा टाकत, वही काखेत. दोघं किती वेळ उभे होते कोण जाणे. ती पुढं आली. दादाच्या छातीला लागेल इतकी बुटकी. तिनं त्याचं मनगट धरलं, इस्त्रीवाल्या पकडीनं, आणि दांडा मुठीसकट फौजदारापुढं केला.

“बघा साहेब. नीट बघा. हे बोट बघा.”

फौजदारानं पाहिलं. मग जमिनीवरचा दुसरा तुकडा उचलून पाहिला. मग माझ्याकडे, दारात पडलेल्या. मग पुन्हा त्या हाताकडे. म्हणाला, “सही राहिलीय म्हणालात ना फोनवर?”

“हीच ती,” मी म्हटलं.

फौजदारानं मनगटं बांधली तेव्हा दादानं टोपी मागितली. ती काचेत पडली होती. कुणी दिली नाही.

खांद्याचं हाड जुळायला सात आठवडे लागले. आई माझ्याशी बोलत नाही. ती एकच वाक्य बोलली, तेही इस्पितळात, माझ्या अंगावरची चादर नीट करत: “तुझ्यासाठी गेलं होतं त्याचं बोट.” मी म्हटलं, “मला माहितीये आई. म्हणून तर ओळखलं.” तिनं चादर सोडली आणि उठून गेली. त्यानं मला वाचवलं ते ती मोजते, फुंकऱ्याला मारलं ते मी. दोघींची बेरीज जुळणार नाही.

संचालकबाई अजून आहेत. जिन्याला रबर बसलं. त्या बहिऱ्या म्हाताऱ्याचा पत्ता शोधून मी त्याच्याकडे गेले, आणि तक्रारीची नक्कल त्याच्या हातात दिली. त्यानं ती वाचली, दोन्ही सह्यांवरून अंगठा फिरवला आणि दार लावून घेतलं. बरोबर केलं त्यानं.

एक हात गळ्यात बांधलेला असताना मी कामावर परतले. खरी गदा आता पोलिसांच्या गोदामात आहे, चिठ्ठी बांधून. ती परत येईल तेव्हा येईल. प्रत मात्र माझ्याकडे होती आणि अर्धवट पडली होती. डाव्या हातानं मी फाइल उघडली. प्रोग्रामनं विचारलं, पृष्ठभाग असमान आहे, गुळगुळीत करायचा का. मी ‘नाही’ दाबलं. बिघडलेली फेरी, निळ्या पट्ट्यांसकट, नोंदीला जोडली. मग कार्डाची नक्कल काढली आणि जुनी ओळ खोडली.

लिहिलं: ‘शस्त्र. पोलाद, सहा पाती. वापराच्या खुणा आहेत. दोन वार, एक माणूस. त्याचं काम: हीच वस्तू धूळ उडवून जागेवर ठेवणं. पहिल्या साफसफाईत खुणा पुसल्या गेल्या, पुसणारी: मी.’

खाली तारीख टाकली. आणि सही केली, या वेळी त्याच दिवशी.